वाऱ्याला पांघरूण

कुंडलिक मुंबईहून कायमचा परत आला तेव्हा मुरबाडच्या बाजारात लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला: पाच वर्षं गिरणीत राहून तू करत काय होतास? कोणी साचे चालवतो, कोणी बॉयलरात कोळसा घालतो, कोणी नुसता झाडू मारून येतो. कुंडलिकने खरं तेच सांगितलं.

"वाऱ्याला पांघरूण घालायचो."

इथेच त्याचं चुकलं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, होतो म्हणून ठोकून दिलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. त्या बाजारात त्याहून मोठ्या थापा रोज पचत होत्या. खऱ्याला मात्र गिऱ्हाईक मिळेना.

वास्तविक गोष्ट सरळ होती. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत गार, ओलसर हवा करून ती पत्र्याच्या नळांतून खात्याखात्यात सोडतात. नळ आढ्याखालून जातात, गाभण म्हशीच्या पोटाएवढे जाड. उघड्या गार पत्र्याला घाम फुटतो, तो टपटप सुतावर पडतो आणि मग जॉबर खाली उभा राहून वरच्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून नळावर गोणपाट, गोणपाटावर पांढऱ्या मातीचा लेप, लेपावर पुन्हा गोणपाट, असं पांघरूण घालायचं. आतला गारवा आत राहतो, बाहेरची गरमी बाहेर. वाफेच्या नळांनाही तेच, फक्त उलट. हे काम कुंडलिक शिडीवर चढून करत असे. पुढे गिरणीत माणसं कमी करायची ठरली तेव्हा साहेबाने वर पाहिलं, आणि वर कुंडलिकच होता.

एवढं सांगून होईपर्यंत ऐकणारे पुढच्या दुकानावर गेलेले असत. आठवडाभरात पसरलं की कुंडलिक मुंबईत वाऱ्याला थोपटून झोपवायचा. दुसऱ्या आठवड्यात असं ठरलं की वारा लहान असला तर त्याला अंगाईही म्हणावी लागे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दिवाळी झाली आणि किन्हवलीहून कुंडलिकचा सासरा देवजी बैलगाडी घेऊन आला. "कमळला चार दीस नेतो," म्हणाला आणि मुलीला घेऊन गेला. चार दिवसांचे पाच आठवडे झाले. कमळ काही आली नाही, निरोपही आला नाही. तेव्हा कुंडलिक स्वतः किन्हवलीला गेला.

देवजी गोठ्यात बैलांचं अंग चोळत होता. एकाचं नाव चांद्या, दुसऱ्याचं कवड्या. किन्हवलीत म्हणत की देवजी माणसाशी दिवसाला दहा शब्द बोलतो आणि बैलांशी अकरा.

"मामा, कमळला न्यायला आलोय."

"कशावर नेतोस?"

"गाडी आणलीय."

"गाडीवर नेशील रे. ठेवशील कशावर? दीड एकर माळ हाय तुजा. बाकी सगळा वारा."

"वारा हा माजा हुन्नर हाय, मामा."

देवजीचा हात चांद्याच्या पाठीवर थांबला. घरात जातं चालू होतं, तेही थांबलं. कमळ ऐकत होती.

"हुन्नर हाय का?" देवजी म्हणाला. "मंग ऐक. यंदा ही जोडी म्हसा गावच्या जत्रेत विकायची हाय. पौषात तिथं सकाळी काय थंडी पडते ती तुला ठाऊक. बैलाचे केस उभे राहतात, अंग थरथरतं, गिऱ्हाईक म्हनतं ताप भरलाय. शेकोटी करावी तर धूर डोळ्यात जातो, डोळे गळतात, गिऱ्हाईक म्हनतं डोळे गेले. तीन वर्सं माजे बैल म्हशाला रडलेत. तू जोडी विकेपर्यंत त्यांना उबेत ठेव. धूर लागता कामा नाय. ठेवलीस, तर कमळ जत्रेतनंच तुज्या गाडीत बसंल."

"आन नाय जमलं तर?"

"तर तिथंच पंचांसमोर काडीमोड."

काडी मोडली की सोडचिठ्ठी झाली, त्यात पुन्हा फिरून बोलणं नाही. कुंडलिकने जात्याच्या दिशेने पाहिलं. जातं पुन्हा चालू झालं होतं, पण घरघर अशी येत होती की आत दाणा घालायचा राहिला असावा.

मुरबाडला परतल्यावर कुंडलिकने गावभरचे रॉकेलचे रिकामे डबे गोळा केले. त्यांचे पत्रे कापले, कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या आणि पंचवीस हात लांब नळ केला. शेजारचा लडकू सुतार मदतीला आला. तो मनाने चांगला होता, पण मदत करताना तोंड बंद ठेवणं त्याला जमत नसे. त्याने जुन्या गाडीच्या चाकाला पत्र्याची पाती ठोकून हाताने फिरवायचा पंखा केला. रस्त्याच्या कामावर टाकून दिलेली डांबराची दोन पिंपं आणली, एक मोठं, एक लहान. लहान पिंप मोठ्यात बसवलं. आग लहान पिंपात पेटायची आणि तिचा धूर वेगळ्या धुराड्याने दूर जायचा. दोन पिंपांच्या मधल्या फटीतून पंख्याचा वारा जायचा, तापायचा आणि नळात शिरायचा.

"बैलासाठी एवढं?" लडकू म्हणाला.

"बायकोसाठी."

"मंग बायकोलाच नळ लाव की. बैलाला मधी कशाला घालतोस?"

पौषी पौर्णिमेच्या चार दिवस आधी हे सगळं म्हशाला जाऊन पोचलं. देवजीने तट्ट्यांचा गोठा उभारला होता. बाजूला चूल मांडून कमळ स्वयंपाकाला बसली होती. बाप समोर असताना ती नवऱ्याशी बोलणार नव्हती आणि नवराही तिच्याशी बोलणार नव्हता. म्हणून भट्टी ओढ्याच्या काठाला, गोठ्यापासून पंचवीस हातांवर बसवताना कुंडलिक लडकूशी मोठ्याने बोलत होता आणि कमळ चांद्याशी.

"चांद्या, तू बारीक झालास रे," ती म्हणाली. "कोण जेवायला घालतं की नाय तुला?"

चांद्या यंदा मागच्या सालापेक्षा सव्वापट जाड झाला होता. कुंडलिकने स्वतःच्या बरगड्यांवरून सदरा सारखा केला.

पहिल्या सकाळी नळ उघडाच चालवून पाहिला. भट्टीजवळ पत्रा इतका तापला की लडकूने त्यावर बिडी पेटवली. दहा हातांवर पत्रा कोमट होता. वीस हातांवर त्यावर दव साठलं होतं. गोठ्यात नळाच्या तोंडाशी देवजीने तळहात न धरता हाताची पाठ धरली, कारण हाताची पाठ जास्त खरं सांगते असं तो मानत असे. बराच वेळ धरून तो म्हणाला, "माजी आई डोळ्यात कुसळ गेलं की फुंकर मारायची. ती यापरीस गरम होती. आन आई नव्वद वर्सांची होती."

बैल थरथरत उभे होते.

नळाला पांघरूण लागणार हे कुंडलिकला ठाऊकच होतं. प्रश्न कशाचं, एवढाच होता. पांढरी माती इथे मिळायची नाही. गोणपाट मिळेल तेवढं जत्रेच्या पालांना गेलं होतं. तेवढ्यात नळ बघायला माणसं जमली, आणि जत्रेला आलेला प्रत्येक माणूस नळाचा वैद्य निघाला. एक म्हणाला सावरीचा कापूस गुंडाळ. कापूस भट्टीजवळ पेटेल, असं कुंडलिक म्हणाला, तर तो रुसून गेला. दुसऱ्याने राख सांगितली, पण राख वाऱ्याने उडते. सागाची पानं सांगणारा शहापूरकडचा होता. तो आपल्याच जंगलाची तारीफ करून थकला आणि बसला. एका म्हाताऱ्याने सांगितलं की नळावर माणसं बसवावीत, माणसाएवढं उबदार काही नसतं. त्यावर लडकूने त्यालाच पहिला बसवला आणि वीस हातांवरच्या दवाने त्याचं धोतर भिजलं.

कुंडलिकने पेंढा निवडला. कारणं पक्की होती. पेंढ्याच्या काडीत हवा अडकून राहते, आणि ऊब धरून ठेवते ती अडकलेली हवाच. मग वरून गोणपाट असो की पेंढा. भट्टीकडच्या चार हातांना पेट घेऊ नये म्हणून त्याने तिथे जाड चिखल थापला. उरलेल्या नळाला पेंढ्याचा हातभर जाड वेढा घालून सुंभाने बांधला. आगीचा विचार त्याने पूर्ण केला होता. पाच वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाच्या डोक्यात येईल तो प्रत्येक विचार केला होता. पण गिरणीत बैल नसतात.

संध्याकाळी गोठ्यात अशी ऊब आली की कवड्या पहिल्यांदा खाली बसला. देवजीने घोंगडी अंगावरून काढून घडी केली. कुंडलिक समाधानाने झोपला.

पहाटे उठून पाहतो तर नळ साफ उघडा. एका टोकापासून चांद्या आणि कवड्याने सुरुवात केली होती. दुसऱ्या टोकाने शेजारच्या बैलांनी. मधलं कोणी खाल्लं ते सांगता येईना, कारण त्या जागी खुरांचे ठसे होते ते एकाही जोडीशी जुळत नव्हते. वर पेंढा रात्रभर मंद शेकलेला, म्हणजे बैलांच्या हिशेबी ताटात गरम वाढलेला. त्या जत्रेतले बैल पुढे तीन दिवस गार पेंढ्याला तोंड लावेनात, अशी कुरकुर मालक करत होते.

"तुजा वारा चवीला बरा हाय," देवजी म्हणाला. त्याच्या पद्धतीने ही बरीच लांब थट्टा होती.

कमळ चुलीपाशी बसून चांद्याला म्हणाली, "सगळंच खाल्लंस? माजा काय इचार केलास?"

म्हशाच्या जत्रेला बैल विकायला येतात तशा घोंगड्याही विकायला येतात. घाटावरचा एक घोंगडीवाला गोठ्याच्या पलीकडेच बसला होता आणि सकाळपासून त्याची एकही घोंगडी गेली नव्हती. कुंडलिकने त्याला सांगितलं, बाबा, तुझ्या घोंगड्या मला नळावर टाकायला दे, बदल्यात भट्टीशेजारी शेकत बस. घोंगडीवाला थंडीने इतका गारठला होता की बसला आणि नंतर हो म्हणाला.

बावीस घोंगड्या लागल्या. लोकर तर पेंढ्याहून सरस, जळायलाही सोपी नाही आणि बैल खात नाहीत. दहा वाजेपर्यंत गोठ्यात ऊब भरली. बैलांचे केस खाली बसले. एका कर्जतकर गिऱ्हाइकाने चांद्याचे दात पाहिले, कवड्याची शेपटी धरून पाहिली आणि "उद्या येतो" म्हणाला. उद्या येतो म्हणणारा माणूस निम्मा पटलेला असतो. देवजीने निकालाला बसायचं आवतण म्हणून दोन पंचांना तंबाखू दिली. कुंडलिकने ती खूण वाचली आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की जमतंय.

मग एका बाईचा हात सहज घोंगडीला लागला.

"अगो, ही बघ कशी ऊबदार हाय," ती बरोबरच्या बाईला म्हणाली. "आत्तापासूनच. अंगावर घ्यायच्या आधीच ऊब येते हिला."

बरोबरच्या बाईने गाल लावून पाहिला. तिने तिसरीला बोलावलं. घोंगडीवाला भट्टीपासून उठून आला. तो घाटावरचा असला तरी धंदा त्याला कळत होता. "हां," तो गंभीरपणे म्हणाला, "ही जात येगळीच हाय. ह्या मेंढ्या उन्हात चरतात."

कुंडलिक ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. परत आला तेव्हा नळावर सहा घोंगड्या उरल्या होत्या आणि त्या ओढायला अकरा माणसं होती.

"बाबा रे, ते माजं पांघरूण हाय."

"तुला एक ठेवतो," घोंगडीवाला म्हणाला.

"एकानं पंचवीस हात झाकतात का?"

"मंग उद्या ये. उद्या ह्याच नळावर टाकून दुसऱ्या देतो. तुज्या नळाएवढी माजी जाहिरात कोनी केली नव्हती."

ठेवलेली एक घोंगडीसुद्धा गेली. दुपारी नळ पुन्हा उघडा होता, बैल पुन्हा थरथरत होते आणि कर्जतकर उद्या येणार होता. देवजीने एक बारीक वाळलेली काडी उचलून पागोट्यात खोचली.  

कुंडलिक नळाच्या मध्यावर उकिडवा बसला. डोक्यात त्याने सगळी यादी फिरवून पाहिली. जळणारं नको. उडणारं नको. बैल खातील ते नको. आणि हे गिरणीत कोणी शिकवलं नव्हतं, पण जत्रेत माणसं विकत घेतील तेही नको. मग उरलं काय?

कमळ बैलांपुढे पाणी ठेवत होती.

"चांद्या," ती म्हणाली, "तुला ठाऊक हाय का, आमच्याकडं कापणीच्या टायमाला भाताचं मडकं शेतावर कसं नेतात? टोपलीत भाताचा तूस घालायचा, मधी मडकं. सांजच्याला उघडलं तरी वाफ येते. तूस तू खात नाय, तुला टोचतो. माणूस तर त्याला हातबी लावत नाय. मुरबाडच्या भाताच्या गिरणीमागं डोंगराएवढा पडलाय फुकट, पावसात कुजतो. आन जत्रेत वरच्या अंगाला गुणाबाई कणग्या घेऊन बसलीय."

चांद्याने पाणी प्यायला तोंड खाली केलं. कुंडलिक तोवर उठून उभा राहिला होता आणि लडकूने गाडी जुंपायला सुरुवात केली होती.

गुणाबाई डोंगरपट्टीतली. बांबूच्या कणग्या, सुपं, टोपल्या विणून ती दरसाल जत्रेला बसे. कणगी म्हणजे धान्य साठवायची उभी मोठी टोपली, माणसाच्या छातीएवढी. कमळने तिला सांगितलं, बुडं कापून दे, सगळ्यांची.

"बुडाबिगर कणगी?" गुणाबाईने विळा खाली ठेवला. "धान राहील कुठं गो, बाय?"

"धान नाय ठेवायचं. वारा ठेवायचाय."

गुणाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पलीकडे उभ्या कुंडलिककडे पाहिलं. "हां, हा तो होय," म्हणाली आणि पुढे काही न विचारता बुडं कापायला लागली.

नऊ कणग्या एकीला एक जोडून आडव्या टाकल्या. त्यांच्या पोटातून नळ गेला. इथे कुंडलिकचा हुन्नर कामाला आला. नळ तळाला टेकला तर ऊब खालून पळून जाते, म्हणून त्याने दर दोन हातांवर खापरांचे तुकडे असे बसवले की नळ बरोबर मध्यावर अधांतरी राहावा. भट्टीकडचे चार हात पुन्हा चिखलात घेतले. लडकू मुरबाडहून तुसाच्या तीन गाड्या घेऊन आला. तो कणग्यांत ठोकून भरू लागला तेव्हा कुंडलिकने त्याचा हात धरला.

"दाबू नको. दाबलास तर हवा निघून जाईल. हवाच पायजे आपल्याला."

"तीन कोस तुज्यासाठी तूस वाहिला, आन पायजे होती हवा. आधी सांगायचं, रिकामी गाडी आणली असती."

वरून कमळने शेण आणि मातीचा जाड लेप दिला. गुडघ्यावर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटांच्या अर्धगोल रेघा मारत. आतून नळ तापत होता, त्यामुळे हात पुढे सरकेपर्यंत मागचा लेप वाळत होता. दिवस मावळताना काम संपलं. देवजी गोठ्यात गेला, नळाच्या तोंडाशी हाताची पाठ धरली आणि लगेच मागे घेतली. मग दुसरा हात धरला. तोही मागे घेतला.

पुढचे दोन दिवस म्हशाला जे झालं त्याबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. सगळे सांगतात तेवढंच इथे लिहिलं आहे. चांद्या-कवड्याचे हिवाळी केस दुसऱ्या सकाळी गळून पडले आणि कातडी चैत्रातल्यासारखी चकाकू लागली. आसपासच्या जोड्यांवरचे गोचीड मालक बदलून इकडे आले, ते कमळने वेचून काढले. गोठ्यावर आंब्याची एकच फांदी येत होती, तिला मोहोर आला. बाकीच्या झाडाला फाल्गुनापर्यंत काही आला नाही. एक कोकिळा कणगीवर बसून ओरडली, मग आजूबाजूला पाहून ओशाळली आणि उडून गेली.

नळ कोणाला दिसत नव्हता, दिसत होती ती कणगी. त्यामुळे जत्रेत बोलबाला झाला की किन्हवलीच्या देवजीकडे यंदा एवढं भात झालंय की त्याने पंचवीस हात लांब कणगी बैलांना चारायला बरोबर आणलीय. दोघे-तिघे बियाणं मागायला आले.

"आडवी का टाकलीय?" एकाने विचारलं.

"उभी केली तर देवळाच्या वर जाते," लडकू पंखा फिरवत म्हणाला. "बरं दिसत नाय ते."

कर्जतकर आला. गोठ्यात शिरल्यावर त्याने कोट काढला. थोड्या वेळाने रुमाल सोडला. मग तो कवड्याला टेकून खाली बसला आणि उठेना. जोडी घेतल्याशिवाय निघायला त्याला काही निमित्त सुचत नव्हतं, म्हणून त्याने जोडी घेतली. धुराने एकाही बैलाच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. पाणी आलं ते देवजीच्या, दावं सोडून देताना, पण ते त्याने पागोट्याच्या टोकाने टिपलं आणि कोणी पाहिलं नाही असं सर्वांनी ठरवलं.

मग पंच बसले. कुंडलिक अंग धुऊन आला होता. गाडी जुंपलेली होती. देवजीने पागोट्यातली काडी काढून समोर ठेवली.

"जोडी उबेत राह्यली," तो पंचांना म्हणाला. "धूर लागला नाय. हे मी मान्य करतो."

"मंग झालं तर," एक पंच म्हणाला.

"थांबा. ठेवली कोणी? उघडा नळ गार व्हता, मी हात लावून बघितला. पेंढा बैलांनी खाल्ला. घोंगड्या इकल्या गेल्या. ऊब राह्यली ती कणगीनं. कणगी कोणाची? तूस घालायचं डोकं माज्या लेकीचं, सारवण माज्या लेकीचं. जावयाचं काय यात?"

देवजी लबाड नव्हता. लबाड असता तर भांडता आलं असतं. त्याला मनापासून तसंच दिसत होतं, आणि पंचांनाही आता तसंच दिसू लागलं. दोघे कणगीकडे पाहत राहिले.

कुंडलिकला खापरांचे तुकडे आठवले. तूस दाबू नको म्हटलं तेही आठवलं. पण तुसाचं डोकं आपलं नव्हतं हे तो कसं नाकारणार? पाच वर्षं त्याने दुसऱ्याच्या नळाला दुसऱ्याचं गोणपाट गुंडाळलं होतं आणि कधी कोणी विचारलं नव्हतं की यातलं तुझं काय.

"मामा म्हनतात ते खरं हाय," तो म्हणाला. "कणगी तिची."

लडकूने कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंत, पंच?" देवजी म्हणाला. "आमच्या घरात कणगी जी सारवते, ती तिची. तिच्याबिगर ती कोणी उघडत नाय, हलवत नाय. आज्यापासनं चालत आलंय हे." आणि त्याने काडी उचलली.

"बाबा," कमळ म्हणाली.

ती चुलीपासून उठून आली होती. चार दिवसांत बापासमोर ती बैलाशी न बोलता माणसाशी बोलली ती ही पहिली वेळ.

"कणगी माजी हाय ना?"

"तुजी."

"मी म्हनेन तिथं राहील?"

"तशीच रीत हाय."

"मंग ती मुरबाडला राहील. किन्हवलीच्या घरात मावायची नाय. आन तिला बूड नाय, ते मी कापून घेतलंय. दाणा राह्यचा नाय तिच्यात. तिच्यात नळ हाय म्हनून ती कणगी हाय, नायतर नऊ तुकडे हायेत बांबूचे. नळ ह्यांचा. म्हनून मला ती नळासकट लागते, आन नळ बसवणाऱ्या माणसासकट."

 मोठ्या पंचाने देवजीच्या हातातून काडी अलगद घेतली आणि तिने दात कोरायला सुरुवात केली, म्हणजे ती आता मोडली तरी त्याला अर्थ राहिला नव्हता.

देवजी उठला. रिकाम्या गोठ्यात गेला आणि नळाच्या तोंडाशी पाठ करून बसला. आग विझून अर्धा दिवस झाला होता, पंखा थांबला होता, तरी नळातून ऊब येत होती.

"कणगी गरम असताना हलवाल तर सारवण तडकंल," तो आतून म्हणाला. "निवू द्या तिला."

कमळचं सारवण आणि कुंडलिकची बांधणी अशी होती की नळ काही निवेना. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. जत्रा उठली, पालं उतरली, गुणाबाई माल संपवून डोंगराकडे गेली, घोंगडीवाला घाट चढून गेला. चौथ्या दिवशी सकाळी देवजीने हाताची पाठ धरली आणि म्हणाला, अजून कोमट हाय. पाचव्या दिवशीही तो तेच म्हणाला. तोवर कमळने सहा माणसांना पुरेल एवढा भात चार माणसांसाठी रांधायला सुरुवात केली होती आणि कुंडलिकचा सदरा अंगावर नीट बसू लागला होता.

सहाव्या दिवशी लडकूने हात लावून पाहिला. नळ बर्फासारखा गार होता.

"कसा हाय?" देवजीने विचारलं.

लडकूने त्याच्याकडे पाहिलं, कमळकडे पाहिलं.

"कोमट," तो म्हणाला.